मुलांसाठी शस्त्रसुरक्षेचे शिक्षण : उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर

शस्त्रसुरक्षेच्या शिक्षणाला दोन बाजू आहेत. घरात, रस्त्यावर, भंगारात किंवा मित्राच्या दप्तरात बंदूक, पिस्तूल वा काडतूस दिसले तर काय करायचे आणि कोणाला सांगायचे याची मुलाकडून तयारी करून घेणे ही पहिली बाजू. आणि ते शस्त्र मुलाच्या हाती पडणारच नाही असा बंदोबस्त मोठ्यांकडून करवून घेणे ही दुसरी. भारतात बंदुकीविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक परवाना आणि गुन्हा या दोनच अंगांनी लिहिले जाते, आणि त्यात मुलांचा उल्लेख आलाच तर दुर्घटना घडून गेल्यावर येतो. २०११च्या जनगणनेत मिळून ९ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या आणि त्यानंतर झपाट्याने वाढलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरांमध्ये हा प्रश्न दूरचा मानता येत नाही, कारण येथील मुलांच्या कानांवर आणि डोळ्यांवर बंदूक वारंवार येत राहिली आहे.

या पट्ट्याचा शस्त्रांशी संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे विभाग आजही ‘कॅम्प’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आहे. काडतुसांसाठी लागणाऱ्या धातूच्या पुंगळ्यांशी, म्हणजे गोळी आणि दारू ज्यात बसवतात त्या नळकांड्यांशी, या कारखान्याचे नाव जोडलेले आहे, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर तो ‘यंत्र इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेला. निर्माणीच्या वसाहतीत वाढलेल्या कामगारांच्या पिढ्यांना दारूगोळ्याची शिस्त नोकरीतून ठाऊक असते. बाहेरच्या शहराला मात्र बंदूक ठाऊक झाली ती खून, जमिनीचे वाद आणि राजकीय वैर यांच्या बातम्यांमधून.

उल्हासनगरमध्ये १९९० साली घनश्याम आणि इंदर भठीजा या भावांचे काही आठवड्यांच्या अंतराने गोळ्या घालून खून झाले आणि त्यांपैकी इंदर भठीजा यांच्या खुनाबद्दल माजी आमदार पप्पू कलानी यांना २०१३ मध्ये कल्याणच्या न्यायालयाने जन्मठेप सुनावली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बैलगाडा शर्यतीच्या वादातून अंबरनाथच्या औद्योगिक भागात गोळीबार झाला. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. त्या दालनातील सीसीटीव्हीचे चित्रण दुसऱ्या दिवशी घरोघरच्या फोनवर फिरत होते, म्हणजेच ते मुलांनीही पाहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यातील आरोपी २३ सप्टेंबर रोजी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्यावर संशय व्यक्त करून पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरले. निकालाची वाट न पाहता झालेल्या त्या मृत्यूचे जे उघड स्वागत झाले, त्यात बंदूक न्याय देते हा धडा मोठ्यांनी मुलांसमोर गिरवला, आणि सुरक्षेचे कोणतेही शिक्षण देऊ पाहणाऱ्याला आधी या धड्याशी सामना करावा लागतो.

प्रत्यक्ष शस्त्रे किती, याचे उत्तर दोन वेगळ्या मापांनी मिळते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात शस्त्रपरवाने सुमारे ३३ लाख ६९ हजार होते. त्यांपैकी एकट्या उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजारांहून अधिक, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. याउलट जिनिव्हास्थित ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१७ साठी भारतात नागरिकांच्या ताब्यातील एकूण बंदुका ७ कोटी ११ लाख असल्याचा अंदाज मांडला, ज्यात बिनपरवाना शस्त्रांचा वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्रात परवाने तुलनेने कमी असले तरी गावठी कट्टा, म्हणजे स्थानिक कारागिरांनी बेकायदा घडवलेले पिस्तूल, येथे सहज पोहोचतो. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेल्या उमर्टी गावाचे नाव या संदर्भात पोलिसांच्या कारवायांमध्ये पुन्हा पुन्हा येते. मुलांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. परवान्याच्या शस्त्राचा मालक माहीत असतो, त्याला प्रश्न विचारता येतो, अटी घालता येतात. कट्टा मात्र गादीखाली, माळ्यावर किंवा दुचाकीच्या डिकीत लपवलेला असतो, तो घरात आहे हे घरातल्या इतरांनाही ठाऊक नसते, आणि लपवलेल्या वस्तू शोधून काढण्यात मुलांचा हात कोणी धरू शकत नाही. शिवाय कारखान्यात बनलेल्या शस्त्राला जी सुरक्षा-कळ असते ती कट्ट्याला बहुधा नसते, त्यामुळे तो हातातून पडला तरी सुटण्याची भीती राहते.

मूल बंदूक चालवू शकणार नाही, त्याच्या बोटांत तेवढा जोर नसतो, ही समजूत मोजमापाने खोटी ठरलेली आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन्ही हातांची तर्जनी वापरून चाप ओढण्याची मुलांची ताकद तपासली, तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्के मुलांमध्ये १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंचा, चाप ओढण्याइतका जोर आढळला. बाजारात मिळणाऱ्या अनेक पिस्तुलांचा चाप याहून हलका असतो. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारमधील सुपौल जिल्ह्यात शिशुवर्गातील एका मुलाने घरातून दप्तरात आणलेल्या पिस्तुलातून तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली आणि ती त्याच्या हाताला लागली. दुसरी घातक समजूत मोठ्यांची आहे. पिस्तुलाचे मॅगझीन, म्हणजे दस्त्यात सरकवायची गोळ्यांची पेटी, काढून घेतले की शस्त्र रिकामे झाले असे पुष्कळांना वाटते. परंतु आधीच पुढे सरकलेली एक गोळी नळीच्या मागच्या कोठ्यात राहिलेली असू शकते आणि चाप ओढताच ती सुटते. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे, हा नेमबाजीच्या मैदानावरचा पहिला नियम याच अनुभवातून आला आहे.

मुलांना सांगून, समजावून उपयोग होतो का, हा या आढाव्याचा गाभा आहे, आणि त्यावरचे संशोधन जवळजवळ सगळे अमेरिकेतले आहे. तेथे राष्ट्रीय रायफल संघटनेने १९८८ पासून ‘एडी ईगल’ नावाच्या गरुडाच्या तोंडून लहान मुलांना चार आज्ञा शिकवायला सुरुवात केली: थांब, हात लावू नको, तेथून दूर जा, मोठ्या माणसाला सांग. आज्ञा नेमक्या आहेत. अडचण अशी निघाली की मुले त्या पाठ म्हणून दाखवतात, पण खरी बंदूक समोर आली की पाळत नाहीत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटा परिसरातील ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-तीनच्या गटांनी एका खोलीत खेळायला सोडून एकतर्फी काचेतून त्यांचे निरीक्षण केले गेले. खोलीतल्या खणांमध्ये पाण्याच्या पिचकाऱ्यांबरोबर गोळी नसलेले खरे पिस्तूल ठेवलेले होते. एकूण २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले, त्यांतल्या १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी तरी चाप ओढला. ज्यांनी ते हाताळले त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून दूर राहण्याची शिकवण आधी मिळालेली होती, आणि ज्यांना ते सापडले त्यांच्यातील जवळपास निम्म्या मुलांना ते खरे आहे की खेळण्यातले हे ठरवता आले नाही.

यानंतरच्या अभ्यासांनी शिकवण्याच्या पद्धतीकडे लक्ष वळवले. रेमंड मिल्टनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांमध्ये, ऐकवून शिकवलेल्या मुलांना नियम फक्त सांगता आला, तर आधी करून दाखवणे, मग मुलाकडून करवून घेणे, चुकले तर दुरुस्त करणे आणि पुन्हा करवून घेणे या क्रमाने शिकलेल्या मुलांना तो सरावाच्या प्रसंगात पाळताही आला; मात्र मूल एकटे असताना आणि कोणी पाहत नाही असे त्याला वाटत असताना तो टिकावा यासाठी अचानक, न सांगता घेतलेल्या सरावाची जोड द्यावी लागली. २०२३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील सोफी शेर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग थोडी अधिक आशा देतो. ८ ते १२ वर्षांच्या २२६ मुलांपैकी निम्म्यांना गणवेशातील पोलीस अधिकारी बंदुकीविषयी सांगत असलेली एक मिनिटाची चित्रफीत आणि उरलेल्यांना मोटारीतील सुरक्षेची चित्रफीत दाखवली. आठवड्याने प्रयोगशाळेतल्या खेळाच्या खोलीत निकामी केलेली पिस्तुले सापडल्यावर पहिल्या गटातील सुमारे ३९ टक्के मुलांनी ती हाताळली, दुसऱ्या गटात हे प्रमाण ६७ टक्के होते, आणि चाप ओढणाऱ्यांचे प्रमाण ९ विरुद्ध ३० टक्के असे पडले. परिणाम खरा आहे आणि अपुराही आहे: चांगला धडा मिळालेल्या दर पाच मुलांपैकी दोघांनी पिस्तूल उचललेच. म्हणून मुलाच्या शहाणपणावर घराची सुरक्षा सोपवणे कोणत्याही पुराव्यात बसत नाही. डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की बंदूक कुलपात असणे, ती रिकामी असणे, गोळ्या वेगळ्या जागी असणे आणि त्या गोळ्यांनाही कुलूप असणे या चारही गोष्टींचा संबंध मुलांच्या अपघाती इजा आणि किशोरवयीनांच्या आत्महत्या कमी असण्याशी आहे. यांपैकी आत्महत्यांच्या बाजूकडे भारतात फारच कमी लक्ष दिले जाते. परीक्षा, अपमान किंवा घरातले भांडण यांच्या भरात आलेला टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, आणि कुलूप तो वेळ मिळवून देते.

या कसोटीवर महाराष्ट्रात आज मुलांना बंदुकीविषयी काय शिकवले जाते हे पाहिले तर एक ठळक उपक्रम समोर येतो. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन, ज्याला सर्रास ‘रेझिंग डे’ म्हटले जाते. त्या आठवड्यात राज्यभरातील पोलीस ठाण्यांमध्ये शाळकरी मुलांना बोलावून कामकाजाची आणि शस्त्रांची माहिती दिली जाते. टेबलावर पिस्तूल, कार्बाइन, रायफल मांडलेल्या असतात, त्यांची नावे आणि पल्ला सांगितला जातो, मुलांना त्या हातात घेऊ दिल्या जातात आणि ती छायाचित्रे स्थानिक वृत्तपत्रांत येतात. पोलिसांविषयीची भीती जावी हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण मुलाच्या मनावर ठसते ते असे की बंदूक हातात घेण्याजोगी वस्तू आहे आणि ती हातात आली की फोटो निघतो. वरील प्रयोगांमध्ये ज्या कुतूहलाने मुलांचे हात खणात गेले त्याच कुतूहलाला येथे गणवेशाची मान्यता मिळते. ओहायोच्या प्रयोगातही बोलणारा गणवेशातलाच होता, पण त्याने सांगितले ते हात न लावण्याविषयी. तोच आठवडा, तेच टेबल आणि तेच हवालदार वापरून, शस्त्र कुलूपबंद पेटीत ठेवून, ‘हे दिसले तर तू काय करशील’ हे प्रत्येक मुलाकडून करवून घेता येईल. यासाठी वेगळा निधी लागत नाही, लागतो तो फक्त कार्यक्रमाचा क्रम बदलण्याचा निर्णय.

दसऱ्याचे शस्त्रपूजनही याच चर्चेत येते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला घरातील हत्यारे, अवजारे, यंत्रे पुजण्याची रीत जुनी आणि कृतज्ञतेची आहे, तिच्यात सुतार पटाशी मांडतो आणि रिक्षावाला रिक्षेला हार घालतो. ज्या घरात परवान्याची बंदूक आहे तेथे ती वर्षातून एकदा मुलांसमोर पाटावर येते, आणि म्हणून ती रिकामी आहे याची खात्री करणे, गोळ्या पूजेत न मांडणे, आरतीनंतर लगेच कुलपात ठेवणे आणि मुलाच्या हाती देऊन फोटो न काढणे हे त्या दिवशीच सांगावे लागते. हळद, लग्न, वाढदिवस यांत हवेत गोळ्या झाडण्याचा प्रकार तर पूर्णपणे वेगळ्या कोटीतला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली आहे. वर गेलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, आणि मांडवाभोवती मुलेच अधिक असतात.

शिस्तीने बंदूक शिकण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवलेली आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही, पण नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी वयाच्या १२ वर्षांपासून मोठ्यांच्या देखरेखीखाली ते वापरता येते. राष्ट्रीय छात्र सेनेतही छात्रांना रायफलची ओळख आणि गोळीबाराचा सराव दिला जातो. कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असे नेमबाज याच शिस्तीतून घडवले. मैदानावर नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे असते, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असते, आज्ञेशिवाय कोणी शस्त्राला हात लावत नाही. ज्या मुलाला बंदुकीचे अतोनात आकर्षण आहे त्याला रागावून गप्प बसवण्यापेक्षा अशा मैदानाची वाट दाखवणे हिताचे आहे, कारण तेथे आकर्षणाला नियमांची सवय लागते.

खेळण्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर दिवाळीतली टिकल्यांची बंदूक हा मोठा धोका नाही. धोका आहे तो प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या, दिसायला हुबेहूब खऱ्या वाटणाऱ्या पिस्तुलांचा, कारण त्यांनी डोळा जाऊ शकतो आणि खरे-खोटे ओळखण्याची मुलाची शक्ती आणखी कमी होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे आणि उडणाऱ्या वस्तूंच्या जोराची मर्यादा त्या मानकात आहे, पण रस्त्यावरच्या टोपलीतली खेळणी त्या चाळणीतून येत नाहीत. ०.१७७ इंच व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी जोराच्या एअरगनला परवाना लागत नाही; परवाना लागत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइप आणि कॅल्शियम कार्बाइड यांच्या घरगुती ‘गन’मुळे अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, आणि असे प्रयोग फोनवर बघून कोणत्याही शहरातले मूल करू शकते. भंगाराचीही एक गोष्ट आहे: जुना म्हणून टाकून दिलेला दारूगोळाही फुटू शकतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी झालेल्या स्फोटात सहा जणांचा मृत्यू झाला. सापडलेला धातू ओळखीचा नसेल तर तो उचलायचा नाही, हा नियम भंगाराच्या गोदामांजवळ राहणाऱ्या मुलांना बंदुकीच्या नियमाबरोबरच शिकवायला हवा.

बदलापूरच्या प्रकरणानंतर विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी शाळांमध्ये नेमायच्या सखी सावित्री समित्या, तक्रारपेट्या आणि सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचे धडे यांकडे सरकारचे आणि पालकांचे लक्ष पुन्हा वळले. शस्त्रसुरक्षेचा धडा याच चौकटीत बसतो, कारण त्याचा कणा एकच आहे: नको ती गोष्ट दिसली वा घडली तर दूर हो आणि विश्वासाच्या माणसाला सांग, तुला कोणी रागावणार नाही. शेवटचे आश्वासन सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अवघड आहे. मित्राच्या दप्तरात कट्टा पाहिलेला आठवीतला मुलगा गप्प राहतो तो मित्राला फसवल्याचा डाग लागेल आणि स्वतःवर पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने. शाळेने सांगणाऱ्याचे नाव उघड न करण्याची लेखी हमी दिल्याशिवाय ही भीती जाणार नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला वर आलेल्या एडी ईगलच्या चार कृतींपलीकडे काही सांगण्याची गरज नाही आणि त्या चित्रातून, खेळातून, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करवून घ्याव्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कोठ्यातली गोळी, कट्ट्याचा भरवसा नसणे, कायदा आणि ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (चाइल्डलाइन) हे क्रमांक कळले पाहिजेत. पंधरा-सोळाच्या मुलांशी मात्र फोनवरच्या पिस्तुलांच्या रील, ‘भाई’गिरीचे आकर्षण आणि स्वतःच्या जिवाविषयी येणारे काळे विचार यांवर मोकळेपणाने बोलावे लागते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना या प्रश्नाला रोजच्या व्यवहारात तोंड द्यावे लागते. तेथे मूल मित्राकडे खेळायला पाठवण्यापूर्वी ‘तुमच्या घरी कुलूप नसलेली बंदूक आहे का’ असे विचारण्याची मोहीम बालरोगतज्ज्ञांच्या पाठिंब्याने चालते. संकोची मध्यमवर्गीय वळणात वाढलेल्या आई-वडिलांना हा प्रश्न तोंडातून काढणे जड जाते, तरी कुत्रा चावरा आहे का हे जसे विचारले जाते तसेच हे विचारायचे, एवढी सवय लावून घ्यावी लागते. बदलापूरच्या सोसायटीत हा प्रश्न आज अपमान वाटेल. पोलीस, सुरक्षारक्षक, बांधकाम व्यावसायिक आणि राजकीय कार्यकर्ते एकाच इमारतीत राहतात अशा शहरात मात्र तो गैरलागू नाही.

मोठ्यांच्या जबाबदारीचा भाग कायद्यात अर्धवट आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची अट घातली आणि सुरक्षित साठवण हा त्याचा भाग केला. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. पण मुलाच्या हाती लागेल असे शस्त्र ठेवल्याबद्दल मालकाला जबाबदार धरणारे कायदे अमेरिकेत फ्लोरिडाने १९८९ मध्ये सुरू केले, तसे वेगळे कलम आपल्याकडे नाही. ते येईपर्यंत प्रशासनाच्या हाती एक तयार संधी आहे. तिन्ही शहरांची पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात येतात, परवाने आयुक्तालयातून दिले जातात, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. म्हणजे परिमंडळातील अनेक कायदेशीर बंदुका आणि त्यांचे मालक काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा पोलिसांसमोर येतात. शस्त्र परत देताना घरात अठरा वर्षांखालील मुले किती, शस्त्र कोणत्या कपाटात राहणार, त्याची किल्ली कोणाकडे, आणि गोळ्या कुठे, हे चार प्रश्न विचारून उत्तरांवर सही घेण्याचा आदेश आयुक्तांच्या अधिकारात काढता येण्याजोगा आहे.